शून्य ते एक : दहा समान पायऱ्या

आलेखाच्या आडव्या अक्षावर खुणा करायच्या असोत, हवामानाच्या प्रतिमानात काळ ठरावीक टप्प्यांनी पुढे सरकवायचा असो, किंवा गाण्याची ध्वनिलहर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून सीडीवर उतरवायची असो, या सर्व कामांच्या मुळाशी समान अंतराने मांडलेल्या संख्यांची ओळ असते. शून्यापासून निघून दर वेळी एक दशांश मिळवत एकापर्यंत जाणारी ओळ शाळकरी मूलही कागदावर बिनचूक लिहिते. संगणकाकडून मात्र ती याच पद्धतीने लिहवून घेतली, तर कधी तिच्यात एक संख्या जास्तीची येते, कधी शेवटची संख्या गळते, आणि कधी ओळ संपतच नाही. हा दोष यंत्राचा नसून ओळ तयार करण्याच्या रीतीचा आहे, आणि निर्दोष रीत संगणकाच्या कितीतरी शतके आधीपासून गणितात रुळलेली आहे.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या इ. स. ११५० च्या ग्रंथात श्रेढींचे स्वतंत्र प्रकरण आहे. तेथे श्रेढीच्या पहिल्या पदाला आदि किंवा मुख, लगतच्या दोन पदांतील कायम वाढीला चय, पदांच्या संख्येला गच्छ आणि शेवटच्या पदाला अंत्यधन अशी नावे आहेत. अंत्यधन काढण्याचा नियम असा, की गच्छातून एक वजा करावा, उरलेल्या संख्येने चयाला गुणावे आणि गुणाकारात आदि मिळवावे. दहावीच्या बीजगणितात अंकगणिती श्रेढीचे कोणतेही पद काढण्यासाठी शिकवले जाते ते हेच सूत्र. त्यातील दोन गोष्टींकडे सहसा लक्ष जात नाही : एक म्हणजे हवे ते पद मधली पदे न काढता थेट मिळते, आणि दुसरी म्हणजे त्यातला ‘एक वजा’. संगणकावर समान अंतराची ओळ बिघडते ती या दोहोंपैकी एकीचा विसर पडल्यामुळेच.

नवशिक्या प्रोग्रामरच्या हातून पहिल्यांदा जी आज्ञावली लिहिली जाते तिच्यात एक चल शून्यावर ठेवलेला असतो, आणि तो एकापेक्षा कमी असेपर्यंत त्याची किंमत छापायची व त्यात ०.१ मिळवायचे, असे आवर्तन, म्हणजे लूप, चालते. अपेक्षा अशी, की शून्यापासून ०.९ पर्यंत दहा संख्या छापल्या जाव्यात. पायथनसारख्या प्रचलित भाषेत हे आवर्तन टप्प्याटप्प्याने तपासले, तर पहिली बेरीज ०.१ येते, दुसरी ०.२ येते, पण तिसरी ०.३०००००००००००००००४ अशी येते. पुढे ०.४, ०.५, ०.६ आणि ०.७ ठीक दिसतात. आठवी बेरीज ०.७९९९९९९९९९९९९९९९ येते, नववी ०.८९९९९९९९९९९९९९९९ आणि दहावी ०.९९९९९९९९९९९९९९९९. ही दहावी बेरीज एकापेक्षा कमी असल्याने यंत्र नियमाप्रमाणे तीही छापते आणि ओळीत दहाऐवजी अकरा संख्या येतात. ‘चल एकाबरोबर होईपर्यंत चालू ठेव’ अशी अट घातली असती, तर तो एकाबरोबर कधीच न झाल्याने आवर्तन एकाला ओलांडून पुढे चालतच राहिले असते.

या विचित्र आकड्यांचे कारण संगणकाच्या द्विमान पद्धतीत आहे, म्हणजे केवळ शून्य आणि एक या दोन अंकांनी संख्या लिहिण्याच्या पद्धतीत. दशमान पद्धतीत एक तृतीयांश लिहू गेल्यास ०.३३३ असे तीन संपतच नाहीत, कारण तीन हा दहाचा अवयव नाही. द्विमानात नेमके हेच एक दशांशाचे होते, कारण दहाच्या अवयवांपैकी पाच हा दोनच्या कोणत्याही घाताला भागत नाही. जो अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात मांडल्यावर त्याचा छेद दोन, चार, आठ, सोळा असा दोनचा घात ठरतो, तेवढाच द्विमानात पूर्ण लिहिता येतो. म्हणून पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच या जुन्या पाढ्यांतल्या संख्या संगणक जशाच्या तशा साठवतो. रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होते तोवर आणाही द्विमानात नेमका मावणारा होता आणि पैसाही. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नये पैसे झाले आणि एका पैशाचा अपूर्णांक द्विमानात न मावणारा झाला. आज एका रुपयाच्या आत केवळ पंचवीस, पन्नास आणि पंचाहत्तर पैसे याच रकमा, रुपयाच्या अपूर्णांकात लिहिल्यास, द्विमानात नेमक्या बसतात.

अपूर्णांक साठवण्याची सर्वमान्य पद्धत, जिला फ्लोटिंग पॉइंट म्हणतात, १९८५ मध्ये आयईईई ७५४ या मानकाने निश्चित केली, आणि तिच्यामागे प्रामुख्याने विल्यम कहान या गणितज्ञाचे काम होते. तिच्या नेहमीच्या प्रकारात संख्येचे ५३ द्विमान अंक जपले जातात आणि उरलेली शेपटी जवळच्या किमतीत मिटवली जाते, म्हणून ०.१ च्या जागी प्रत्यक्षात ०.१००००००००००००००००५५५ एवढी किंचित मोठी संख्या साठते. साठवलेली संख्या मोठी असूनही दहा वेळच्या बेरजेत एकाला थोडे कमी पडते, कारण प्रत्येक बेरजेचे उत्तरही पुन्हा ५३ अंकांत बसवावे लागते आणि त्या तडजोडी कधी वर, कधी खाली झुकतात. म्हणजे चूक एका संख्येपुरती न राहता पुढच्या प्रत्येक पदाच्या पायात उतरते. अशाच रीतीने ०.१ दहा लाख वेळा मिळवला, तर एक लाखाऐवजी १०००००.०००००१३ च्या आसपास उत्तर येते. फरक लहान आहे, पण पावलांची संख्या वाढेल तसा तो साचत जातो, आणि लांबलचक गणितात तो कोठे जाऊन थांबेल हे आधी सांगता येत नाही.

अंत्यधनाच्या नियमातील पहिली गोष्ट येथे उपयोगी पडते. आवर्तनाची मोजणी अपूर्णांकांवर न ठेवता शून्य, एक, दोन अशा पूर्णांकांवर ठेवावी, कारण लहान पूर्णांक संगणकात नेमकेच राहतात, आणि प्रत्येक पद मागच्या पदावरून न काढता थेट क्रमांकावरून काढावे. असे केल्याने प्रत्येक पदात जेमतेम एकदोन तडजोडी होतात आणि एका पदाची चूक दुसऱ्यात जात नाही. यातही एक बारकावा आहे. क्रमांकाला ०.१ ने गुणले, तर तिसरे पद पुन्हा ०.३०००००००००००००००४ येते, आणि सहावे व सातवे पदही शेवटच्या अंकात हलते, कारण गुणकच मुळात अशुद्ध आहे. तोच क्रमांक दहाने भागला, तर भाज्य आणि भाजक दोन्ही नेमके असल्याने तडजोड एकदाच होते आणि दहाही पदे ०.१, ०.२, ०.३ अशी मिळतात. एका गुणाकाराच्या जागी एक भागाकार, एवढ्याशा बदलाने ओळ स्वच्छ होते, आणि हा बदल प्रत्येक अभ्यासक्रमात पहिल्याच महिन्यात शिकवला जावा इतका मोलाचा आहे.

अपूर्णांकी चलावर आवर्तन मोजण्याचा धोका याहूनही मोठा असू शकतो. फ्लोटिंग पॉइंटच्या लहान, म्हणजे २४ अंक जपणाऱ्या प्रकारात १,६७,७७,२१६ या संख्येत एक मिळवला, तर उत्तर पुन्हा १,६७,७७,२१६ च येते, कारण पुढची विषम संख्या लिहायला अंकच उरलेला नसतो. त्या ठिकाणी पोहोचलेले आवर्तन पाय उचलते, पण जागचे हलत नाही. सी भाषेतील सुरक्षित लेखनासाठी सर्ट या संस्थेने केलेल्या नियमावलीत फ्लोटिंग पॉइंट चल आवर्तनाचा मोजक म्हणून वापरू नये, असा स्पष्ट नियम आहे तो यामुळेच.

आता ‘एक वजा’. शंभर मीटर लांबीच्या सरळ कुंपणाला दर दहा मीटरवर खांब रोवायचा झाल्यास गाळे दहा होतात, पण खांब अकरा लागतात. संख्यांच्या ओळीतही पदे आणि त्यांमधील अंतरे यांत नेहमी एकाचा फरक राहतो, आणि तो निसटला की शेवटचे पद गळते किंवा एक पद जास्तीचे येते. एड्सगर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने ऑगस्ट १९८२ मधील एका टिपणात यावर नेटका तोडगा मांडला, तो असा की सुरुवातीचे टोक ओळीत धरावे, शेवटचे वगळावे आणि मोजणी शून्यापासून करावी, म्हणजे दोन टोकांमधील फरक हीच पदांची संख्या ठरते. पायथनमधील रेंज हे साधन याच संकेताने चालते, आणि विशेष म्हणजे ते केवळ पूर्णांक स्वीकारते. अपूर्णांकी अंतर दिले, तर ते सरळ नकार देते, आणि हा नकार वापरणाऱ्याच्या हिताचाच आहे.

वैज्ञानिक गणनेसाठी वापरल्या जाणाऱ्या नमपाय या संग्रहातील एरेंज हे साधन मात्र अपूर्णांकी अंतरही घेते, आणि तेथे हा संकेत डगमगतो. एकापासून १.३ पर्यंत ०.१ च्या अंतराने, शेवटचे टोक वगळून, संख्या मागितल्या तर तीन मिळायला हव्यात. पण टोकांमधील फरक ०.३०००००००००००००००४ भरतो, त्याला ०.१ ने भागून येणारे उत्तर तीनाच्या किंचित वर जाते, ते वरच्या पूर्णांकात मिटवले की चार होते, आणि वगळायचे १.३ हे टोकही ओळीत येऊन बसते. या साधनाच्या अधिकृत माहितीतच अपूर्णांकी अंतरासाठी लिनस्पेस वापरण्याचा सल्ला आहे. लिनस्पेसला अंतर सांगायचे नसते. दोन टोके आणि पदांची संख्या सांगायची असते, म्हणजे भास्कराचार्यांच्या शब्दांत आदि, अंत्यधन आणि गच्छ दिले की चय तेच काढते. पदांची संख्या आधीच पूर्णांकात ठरल्याने ओळ कमीजास्त होण्याचा प्रश्न उरत नाही, मात्र शून्य ते एक यांत दहा समान गाळे हवे असतील, तर अकरा पदे मागावी लागतात, कारण हे साधन दोन्ही टोके धरते आणि दहा पदे मागितल्यास अंतर एक नवमांश होते.

मोजणी शुद्ध असली, तरी तिला लावलेला गुणक छाटलेला असेल तर काय घडते, याचे सर्वांत दुःखद उदाहरण आखाती युद्धात सापडते. पॅट्रियट या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेचे घड्याळ सेकंदाचे दहावे भाग पूर्णांकात मोजत असे, आणि ती मोजणी अचूकच होती. सेकंद काढण्यासाठी तिला ज्या ०.१ ने गुणले जाई, तो मात्र २४ द्विमान अंकांत छाटलेला असल्याने सुमारे ०.०००००००९५ ने कमी होता. यंत्रणा सुमारे १०० तास अखंड चालू राहिल्यावर मोजणी ३६ लाखांवर गेली आणि घड्याळ सुमारे ०.३४ सेकंदांनी मागे पडले. एवढ्या वेळात स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापत असल्याने यंत्रणेने ते आकाशात भलत्याच जागी शोधले, आणि २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धाहरान येथे अमेरिकी सैनिकांच्या निवासावर ते कोसळून २८ जण ठार झाले. दुरुस्त केलेली आज्ञावली धाहरानला दुसऱ्या दिवशी, २६ फेब्रुवारीला पोहोचली.