एपीआयला दिसणारा होस्ट: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ज्या डेटा सेंटरमध्ये एकाच भौतिक सर्व्हरवर अनेक आभासी यंत्रे चालतात, तेथे त्या सर्व्हरला ‘होस्ट’ म्हणतात. व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर प्रणालीत प्रत्येक होस्टवर ईएसएक्सआय हे पायाभूत सॉफ्टवेअर असते, अशा अनेक होस्टचा कारभार व्हीसेंटर सर्व्हर पाहतो, आणि होस्टविषयीची माहिती प्रोग्रामला मागता यावी म्हणून ठरवून दिलेली विचारणेची पद्धत म्हणजे एपीआय होय.

गैरसमज १: व्हीसेंटरचे उत्तर म्हणजे होस्टची त्या क्षणाची स्थिती.
वस्तुस्थिती: व्हीसेंटर साधारणतः स्वतःच्या नोंदींतूनच उत्तर देतो, त्यामुळे संपर्क तुटल्यावरही होस्टचे नाव व जुनी माहिती उत्तरात येत राहते.

गैरसमज २: ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ अशी नोंद आली म्हणजे होस्ट बंद पडला.
वस्तुस्थिती: होस्ट दर १० सेकंदांनी आपण चालू असल्याचा संकेत व्हीसेंटरकडे पाठवतो आणि ६० सेकंदांत एकही संकेत न पोहोचल्यास ही नोंद होते. हा संकेत यूडीपीच्या ९०२ क्रमांकाच्या पोर्टवर जात असल्याने मधल्या फायरवॉलने तो अडवला, तर होस्ट आणि त्यावरील आभासी यंत्रे सुरळीत चालू असतानाही हीच नोंद दिसते. अशा वेळी ‘पॉवर स्टेट’ या गुणधर्माचे मूल्य ‘पॉवर्ड ऑफ’ नव्हे, तर ‘अननोन’ असे येते. म्हणजे होस्ट चालू आहे की बंद, हे व्हीसेंटरला ठाऊक नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो.

गैरसमज ३: यादीत नसलेला होस्ट अस्तित्वातच नाही.
वस्तुस्थिती: विचारणा करणाऱ्या खात्याला जे होस्ट पाहण्याचा अधिकार आहे, तेवढेच यादीत येतात, आणि अधिकाराअभावी वगळलेल्या होस्टचा यादीत उल्लेखही नसतो.

गैरसमज ४: ‘होस्ट-२८’ यासारखा ओळखक्रमांक कायमचा असतो.
वस्तुस्थिती: तो त्या एका व्हीसेंटरपुरताच अनन्य असतो, आणि होस्ट नोंदींतून काढून पुन्हा जोडला की बदलतो, म्हणून दीर्घकाळ ठेवायच्या नोंदींत हार्डवेअरचा यूयूआयडी हा न बदलणारा ओळखक्रमांकही लिहून ठेवणे हिताचे ठरते.

होस्टविषयी स्वयंचलित निर्णय घेणाऱ्या प्रोग्रामने मूल्य वाचण्याआधी संपर्कस्थिती आणि खात्याचे अधिकार तपासलेच पाहिजेत, कारण चालू होस्टला बंद समजून केलेली कारवाई त्यावर अवलंबून असलेल्या सेवा विनाकारण खंडित करू शकते.