पागोळ्यांचा हिशेब

कौलारू घराची पन्हळ पावसाळ्यात वर मान करून बघावी आणि दिवाळीत भिंतीकडे बघून तपासावी. पाऊस ओसरलेला असतो, पण त्याच्या खुणा अजून पुसलेल्या नसतात. जोत्यापासून गुडघाभर उंचीपर्यंत तांबड्या चिखलाचा पट्टा दिसला, तर पागोळ्या थेट जमिनीवर आपटून माती उडवताहेत. पट्टा एकाच जागी असेल, तर तिथला सांधा गळतो किंवा पन्हळ तिथे झोल खाऊन भरून वाहते. आणि वळचणीपासून खाली काळा ओघळ उतरला असेल, तर पाणी पन्हळीच्या मागच्या बाजूने पडतंय. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही हे खरं. भिंतीत मात्र ते बिनबोभाट शिरतं.

पन्हळ म्हणजे दारात उभं राहणाऱ्याच्या डोक्यावर धार पडू नये म्हणून केलेली सोय, असा समज आहे. त्यामुळे पुढच्या पडवीला पन्हळ असते आणि मागे-बाजूला काहीच नसतं. खरं तर ती जोत्यासाठी आणि भिंतीसाठी असते. जांभा दगड सच्छिद्र, पाणी पिणारा. त्यातून जुन्या घरांचे चिरे बहुधा मातीत बसवलेले. पायथ्याशी दर वर्षी पाणी मुरलं की सांध्यातली माती सुटत जाते.

पाणी तरी किती? एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. ३० फूट लांब आणि १५ फूट रुंद अशी एक पाखी धरा. ही रुंदी उतारावरची नव्हे, जमिनीला समांतर मोजलेली. क्षेत्र झालं सुमारे ४२ चौरस मीटर. रत्नागिरीकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, म्हणजे या एका पाखीवरून सव्वा लाख लिटरहून जास्त पाणी उतरतं. पण पन्हळीचं माप ठरवायला वर्षाचा आकडा कामाचा नाही, सरीचा लागतो. ताशी १०० मिलिमीटरच्या सरीत हीच पाखी मिनिटाला ७० लिटर पाणी सोडते. त्याला चार इंची पन्हळ तोकडी. सहा इंची घ्यावी आणि खाली उतरणारा पाइप चार इंची.

पूर्वी पोफळीचं खोड उभं चिरून, गाभा कोरून पन्हळ करत. ती कुजायची, पण बदलायला घरचीच पोफळ असे. १८६० च्या दशकात बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, पुढे ती कौलं किनाऱ्याने वर पसरली. पन्हळीतही पोफळीच्या जागी जस्ती पत्रा आला. आता पीव्हीसी. पत्रा घेताना गेज विचारा: आकडा लहान तितका पत्रा जाड, म्हणजे २६ पेक्षा २४ गेज बरा. खाऱ्या हवेत पत्रा आधी गंजतो तो कापलेल्या कडेला आणि खिळ्याच्या भोकाशी, म्हणून तिथे रंग आधीच लावून घ्यावा. पीव्हीसी गंजत नाही, पण उन्हाने वाढतं. दहा मीटरच्या पन्हळीत ३० अंशांच्या फरकाने जवळपास दोन सेंटिमीटर. सगळे सांधे चिकटवून घट्ट केले की ती वाकते, म्हणून काही सांधे सरकते ठेवायचे.

बदलताना जुनी पन्हळ उतरवली की लगेच नवी चढवू नका. आधी वळचणीची फळी आणि वाशांची टोकं टोचून बघा. कुजक्या फळीवर ठोकलेला हूक पहिल्याच जोरदार सरीत लोंबतो, आणि दोष मात्र पत्र्याला जातो. माझ्या मते निम्म्या पन्हळी पत्र्यामुळे नव्हे, हुकांमुळे आणि उतारामुळे जातात. उतार दहा फुटांना पाव ते अर्धा इंच पुरे. तो नजरेने नव्हे, लेव्हल ट्यूबने काढायचा, कारण जुन्या घराची वळचण सरळ असेलच असं नाही. दोरी ताणायची, दोन्ही टोकांचे हूक आधी, मग मधले दोन-अडीच फुटांवर. कौलाची कड पन्हळीत दोनेक इंच आत यायला हवी. पन्हळीची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा किंचित खाली ठेवा. तुंबलीच, तर पाणी अंगणात पडेल, भिंतीवर नाही.

दोन पाख्या मिळतात त्या कोनातली पन्हळ ही सगळ्यात अवघड जागा. तिथे पाणी दुप्पट, पालापाचोळाही तिथेच अडकतो आणि गळलं तर थेट माजघरात. बाकी कुठे काटकसर करा, इथे नको. हात घालून साफ करता येईल इतकी रुंद करून घ्या.

पाइपाचं तोंड जोत्यापासून लांब न्यावं, जमलं तर विहिरीकडे. पहिल्या पावसाचं घाण पाणी मात्र बाहेर सोडून द्यावं. शेजाऱ्याच्या हद्दीत सोडू नये. १८८२ च्या भारतीय ईझमेंट कायद्यानुसार हक्काने, उघडपणे आणि अखंड वीस वर्षं चाललेली अशी वहिवाट हक्क ठरू शकते, आणि पागोळ्यांवरून भावकी कोर्टात जाते ती इथेच.

हे काम मे महिन्यात काढू नका. तेव्हा गावातले सगळे कारागीर कौलं परतण्यात अडकलेले असतात आणि घाईत उतार चुकतो. दिवाळीला गावी जाल तेव्हा घराला एक फेरी मारा, डागांचे फोटो काढा आणि पत्रेवाल्याला तेव्हाच बोलावून माप द्या.