जत्रेतला पाद्री आणि समितीची बैठक

पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने २०२५ च्या फेब्रुवारीत जी समिती नेमली, तिच्याविषयी वाचकांनी आतापर्यंत पुष्कळ वाचले आहे. फसवून वा बळजबरीने होणाऱ्या धर्मांतरांना आळा कसा घालावा याचा विचार तिने करायचा होता, आणि तिच्या बाजूचे आणि विरुद्ध बाजूचे युक्तिवाद दूरचित्रवाणीवर इतक्या चढ्या स्वरात चालले की त्यांची येथे पुनरुक्ती करणे म्हणजे वाचकाच्या रविवारावर अतिक्रमण करणे होय. परंतु या गदारोळात दोन्ही पक्षांच्या डोळ्यांपुढे जी एक आकृती उभी आहे, जत्रेच्या कडेला उभे राहून अनोळखी माणसांच्या हाती ख्रिस्ताचे शुभवर्तमान ठेवणाऱ्या प्रचारकाची, तिचा महाराष्ट्रातला इतिहास मात्र कोणी उघडून पाहिलेला दिसत नाही. आणि तो पाहिला तर कायद्याच्या कैवाऱ्यांची भीती आणि प्रचारकांचा उत्साह ही दोन्ही सारखीच अवाजवी वाटू लागतात.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन पाद्री १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले तेव्हा त्यांना पहिला अडसर घातला तो येथल्या शास्त्री-पंडितांनी नव्हे, तर ख्रिस्ती म्हणवणाऱ्या कंपनी सरकारने. अमेरिका आणि इंग्लंड यांचे युद्ध जुंपले होते, कलकत्त्याहून त्यांना हद्दपार करण्याचा हुकूम सुटलेला होता, आणि रयतेच्या धर्मभावनांना धक्का लागून व्यापारास व राज्यास उपद्रव होईल ही धास्ती कंपनीच्या दप्तरी कायमचीच होती. दोघे गुपचूप कोचीनला निसटले, तेथून परत आणले गेले, आणि गव्हर्नर सर एव्हन नेपियन यांच्या मेहेरनजरेने अखेर राहिले. सार्वजनिक शांततेच्या नावाने प्रचारकाला परवाना मागणारे सरकार तेव्हाही होते, ही गोष्ट आजच्या वादात दोन्ही बाजूंनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पुढे अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे १८३१ साली अहमदनगरास, आजच्या अहिल्यानगरास, झाले आणि थंडीच्या दिवसांत तंबू घेऊन गावोगाव फिरावे, बाजाराच्या व जत्रेच्या दिवशी झाडाखाली उभे राहून गाणे म्हणावे, चार माणसे जमली की बोलावे, आणि निघताना पुस्तके विकावी वा वाटावी, असा परिपाठच पडून गेला. तो अजूनही पुरता मोडलेला नाही. एखाद्या एसटी स्थानकाबाहेर आजही हाती पडणारी चौपानी पाहावी : तळहाताएवढा चकचकीत कागद, वर उगवता सूर्य, आत मृत्यूनंतर आपण कोठे जाणार हा आडपडदा न ठेवता विचारलेला प्रश्न, आणि पाठीमागे रबरी शिक्क्याने उमटवलेला, अर्धवट पुसलेला मोबाइल क्रमांक. घेणारा ती नम्रपणे घेतो, उलटी धरून क्षणभर पाहतो, आणि गाडी लागली की तिच्यावर शेंगदाण्याची टरफले ठेवतो.

या परिपाठातला सर्वांत विलक्षण माणूस माझ्या मते जॉर्ज बोवेन. अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये १८१६ साली जन्मलेला हा गृहस्थ तारुण्यात संगीत व साहित्य यांचा रसिक आणि धर्माच्या बाबतीत पुरता संशयवादी होता. वाग्दत्त वधूच्या मृत्यूनंतर तिने मागे ठेवलेले बायबल त्याच्या हाती आले आणि तो पालटला. १८४८ साली तो मुंबईस आला, आणि लवकरच त्याने मिशनचा पगार सोडून दिला, कारण बंगल्यात राहणाऱ्या साहेबाचे बोलणे बाजारातला माणूस मनापासून ऐकणार नाही असे त्याला वाटले. वस्तीतल्या लहानशा जागेत राहून, 'बॉम्बे गार्डियन' या पत्राचे संपादन करीत, रस्त्यांवर आणि मैदानांत तो मराठीतून बोलत राहिला, ते १८८८ साली मृत्यू येईपर्यंत. चाळीस वर्षे! आणि या चाळीस वर्षांच्या तपश्चर्येचे धर्मांतराच्या खात्यावर जमा झालेले फळ इतके अल्प होते की एखाद्या व्यापारी पेढीने असा गुमास्ता पहिल्याच वर्षअखेरीस घरी बसवला असता. मुंबई त्याला संत म्हणत असे, पण ख्रिस्ती होत नसे. समितीच्या सदस्यांनी या एका चरित्राचे वाचन सक्तीचे करून घ्यावे अशी माझी नम्र सूचना आहे.

बोवेनला तोडीस तोड प्रतिपक्षीही मिळाला. कोकणातल्या जकात खात्यातली नोकरी सोडून विरक्त झालेले विष्णु भिकाजी गोखले, म्हणजे विष्णुबुवा ब्रह्मचारी, हे १८५७ च्या प्रारंभी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर पाद्र्यांशी जाहीर वाद करू लागले, आणि उत्तरेत बंडाचा वणवा पेटण्याच्या सुमारापर्यंत वाळूवरच्या त्या सभा चालल्या. वेद हेच सर्व ज्ञानाचे मूळ असे बुवांचे प्रतिपादन होते. पाद्र्यांनी मूर्तिपूजेवर बोट ठेवावे, बुवांनी बायबलातल्या कथांवर ठेवावे, आणि भोवतीच्या श्रोत्यांनी दोहोंचा समाचार घ्यावा. बोवेनने त्याच वर्षी या वादांचा वृत्तान्त इंग्रजीत छापला. बुवांनी १८५९ साली 'वेदोक्त धर्मप्रकाश' लिहून आपली बाजू मांडली. दोन्ही बाजूंना आपणच जिंकलो असे वाटले, यात नवल नाही. नवल वाटते ते हे की असा वाद किनाऱ्यावर, अनोळखी गर्दीसमोर होऊ शकत होता. आज त्याच चौपाटीवर कोणी त्यासाठी अर्ज केला तर तो ज्या टेबलांवरून फिरत राहील, त्यांची संख्या वाचकांनीच कल्पावी.

जत्रेत प्रचार का रुजत नाही, याचे कारण गूढ नाही. जत्रेला आलेला माणूस नवस फेडायला, सोयरीक जुळवायला, बैल पाहायला आलेला असतो. तो ऐकतो, कारण ऐकणे ही जत्रेतली करमणूक आहे, आणि शेजारी गोसावी, मानभाव, कबीरपंथी अशा सर्वांचे त्याने तितक्याच मोकळ्या मनाने ऐकलेले असते. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती मंडळ्या वाढल्या त्या मुख्यतः शाळांमुळे, दुष्काळातल्या मदतीमुळे, आणि नात्यागोत्यांतून. अस्पृश्य म्हणून वेशीबाहेर ठेवलेल्या माणसांना पाटीवर अक्षर गिरवायला कोणी दिले हा तेथला खरा प्रश्न होता. भाकरीसाठी धर्म बदलला हा टोमणाही तेव्हापासूनचा, आणि मिशनऱ्यांच्या आपसांतल्या चर्चांतही तो डोके वर काढीत असे.

प्रचारकांपैकी शहाण्यांना जत्रेतले हे अपयश लवकर उमगले, म्हणून त्यांनी लोकांच्या ओळखीच्या रूपांचा आधार घेतला. फादर स्टीफन्स यांनी तर १६१६ सालीच 'क्रिस्तपुराण' ओवीत रचून ठेवले होते. नगरच्या मिशनमध्ये कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा उभी केली : तेच पूर्वरंग-उत्तररंग, तेच टाळ, साकी, दिंडी, आख्यान मात्र येशूचे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या हाती हे साधन आले तेव्हा त्याला खऱ्या कवीचा स्पर्श झाला. व्याख्यानाला दहा माणसे थांबावीत तेथे कीर्तनाला सारा गाव बसावा, हा अनुभव मराठी माणसाला नवा नाही. पण बसणे वेगळे आणि बाप्तिस्मा घेणे वेगळे. टिळकांनाही ते ठाऊक असणार, कारण स्वतः टिळक कोणत्या जत्रेत ख्रिस्ती झाले नव्हते. राजनांदगावास जाताना आगगाडीच्या डब्यात एक गोरा सहप्रवासी भेटला, संस्कृत काव्यापासून धर्मापर्यंत गोष्टी निघाल्या, उतरताना त्याने नवा करार हाती दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत करून तो निघून गेला. त्याचे नाव टिळकांना कधीच कळले नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या संसाराची जी परवड झाली, ती लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना सांगायला नको. धर्मांतराला भाबडे उत्सवी रूप देणाऱ्या प्रचारकांनी ती पाने मुद्दाम वाचावीत.

आणि महाराष्ट्रातले सर्वांत मोठे धर्मांतर? ते तर भर मैदानात झाले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, तेव्हापासून ख्रिस्ती, मुस्लिम, शीख अशा धर्मांची मंडळी त्यांच्या दाराशी आर्जवे करीत होती. एकवीस वर्षे सर्वांचे ऐकून, ग्रंथ धुंडाळून, त्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात जो धर्म स्वीकारला तो या तिन्हींपैकी कोणताच नव्हता. श्रोता म्हणजे ओला मातीचा गोळा, ज्याचा हात आधी पडेल तसा त्याला आकार येईल, ही समजूत प्रचारकाची असते आणि दुर्दैवाने कायदा करणाऱ्याचीही असते.

याचा अर्थ सर्व काही निर्मळ आहे असा नव्हे. अलीकडे गावोगाव ज्या चंगाई सभा भरतात, तेथे व्यासपीठावरून मधुमेह आणि अर्धांगवायू यांना हाक मारून हाकलले जाते, आणि रुग्णाच्या घरी औषधाची गोळी थांबते. हा प्रचार नव्हे, हा अपराध आहे, मग तो कोणत्याही देवाच्या नावाने होवो. परंतु त्यासाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आपल्या दप्तरात आहेच. तो अंमलात आणण्याचा कंटाळा, आणि नवा आणण्याची हौस, ही सरकारी प्रकृती कोणत्याही एका पक्षाची नाही.

राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने धर्माच्या प्रचाराचा हक्क दिला. १९७७ साली स्टॅनिस्लॉस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यात दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क येत नाही असा निवाडा दिला. म्हणजे बोलावे, पण ऐकणाऱ्याचा कौल फिरवण्याचा हक्क सांगू नये. उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेश यांच्या २०२१ च्या कायद्यांनी आणखी पुढे जाऊन धर्मांतराआधी साठ दिवस जिल्हा दंडाधिकाऱ्यास कळवण्याची अट घातली, आणि बळजबरी झाली नाही हे शाबीत करण्याचा बोजा आरोपीवर टाकला. आपली समिती हाच मसुदा समोर ठेवील असा रंग ती नेमली तेव्हा दिसत होता. तसे झाले आणि उद्याच्या एखाद्या टिळकांविषयी त्यांच्या आप्तांनी फिर्याद गुदरली, तर पंचनाम्यात आगगाडीतल्या त्या सहप्रवाशाचे नाव काय लिहायचे, याचीही तजवीज समितीने करून ठेवावी.