एसटीत अडीच, मेट्रोत पाच

मुंबईत मूल मोठे कधी होते? हा प्रश्न आम्ही बालमानसशास्त्राचा म्हणून विचारत नाही, तिकीट खिडकीचा म्हणून विचारतो. लोकल गाडीच्या हिशेबाने मूल बारा वर्षांचे झाले की मोठे होते. बेस्टच्या बसमध्येही बारा वर्षांपर्यंत हाफ तिकीट चालते. मेट्रोच्या दारात मात्र तेच मूल नव्वद सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम तीन फूट भरले की मोठे होते. नव्वद सेंटिमीटर म्हणजे किती, हे ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांनी भिंतीवर खडूची खूण करून पाहावे. बहुतेक घरांत ती खूण अडीच वर्षांच्या मुलाच्या डोक्याला लागेल.

राजपुरीच्या खाडीच्या एका तीरावर आमची दिघी, समोर जंजिरा. इथल्या ज्या घरातले कुणीच मुंबईला नाही, असे घर शोधून काढावे लागेल. कुणाचा भाऊ घाटकोपरला, कुणाची बहीण विक्रोळीला, कुणाचे सासर वरळीला. मे महिन्याची सुट्टी असो, लग्नकार्य असो, की लहान मुलाला परळच्या दवाखान्यात दाखवायचे असो, माणसे बोचकी बांधतात आणि पोराबाळांसकट निघतात. पोरांना ठेवायचे कुणाकडे? घरी ठेवायला दुसरे माणूस असते तर तेही कामालाच गेलेले असते.

तेव्हा असे एक कुटुंब घेऊ. नवरा, बायको आणि तीन मुले : थोरले दहा वर्षांचे, मधले सात, धाकटे नुकते तीन पूर्ण केलेले. दिघीहून एसटी पकडली, बोर्ली पंचतन, म्हसळा, माणगाव करत पनवेलला उतरायचे. नवऱ्याचे तिकीट पूर्ण. बायकोचे अर्धे, कारण १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे आहे. दोन्ही मोठ्या मुलांचे अर्धे-अर्धे, कारण पाच ते बारा वर्षे हाफ. धाकट्याचे काही नाही, तो पाच वर्षांखालचा. एकूण झाली अडीच तिकिटे. (आई आणि तिचा सात वर्षांचा मुलगा एकाच दराने बसतात, ही गंमत आमच्या आधी कंडक्टरांच्या लक्षात आलेली आहे.) २५ जानेवारी २०२५ रोजी एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले, ते सोसावे लागलेच, पण वाढ झाली तरी तिकिटे अडीचच राहिली.

पनवेलहून हार्बरची लोकल, कुर्ल्याला बदलून घाटकोपर. इथे बायकोचे पूर्ण झाले, पण मुलांचा नियम तोच. पाचच्या खाली फुकट, पाच ते बारा अर्धे. म्हणजे तीन तिकिटे.

आता मावशी राहते वर्सोव्याला. घाटकोपरहून मेट्रो घ्यायची. ८ जून २०१४ रोजी सुरू झालेला हा मुंबईतला पहिला मेट्रोमार्ग, ११.४ किलोमीटरचा. या टोकापासून त्या टोकापर्यंत भाडे ४० रुपये. मेट्रोत हाफ तिकीट ही चीजच नाही. नव्वद सेंटिमीटरच्या आतले मूल मोठ्या माणसासोबत फुकट, त्याच्या वर एक बोट जरी गेले तरी पूर्ण तिकीट. आपला तीन वर्षांचा धाकटा नीट वाढलेला असेल तर त्या मापाच्या वर गेलेला असतो. पाच माणसे, पाच तिकिटे, दोनशे रुपये. लोकलचाच नियम इथे असता तर आई-बापाचे ८०, दोन मुलांचे ४०, असे १२० झाले असते. जाता ८० जास्त, येता ८० जास्त. ज्या घरात आठवड्याचा बाजार पाचशेत बसवतात, त्या घरात १६० रुपये हा नुसता आकडा नसतो. दिघीच्या स्टँडवर अडीच तिकिटांचे असलेले कुटुंब घाटकोपरच्या जिन्यावर पाच तिकिटांचे होते, आणि मधल्या चार-पाच तासांत त्यातले एकही मूल वाढलेले नसते.

मेट्रोने उंची का धरली, त्यालाही कारण आहे. तिथे कंडक्टर नाही. तिकीट दाखवले की दार उघडते, आणि त्या दाराला वय कळत नाही. कागदपत्र मागत बसले तर रांग लागेल. उंची डोळ्यांनी दिसते, वाद होत नाही. दिल्ली मेट्रोतही तीन फुटांचाच नियम आहे. हे सगळे आम्हाला मान्य. पण माप उंचीचे ठेवायचेच, तर ते तीन फुटांवरच का?

जागतिक आरोग्य संघटनेने मुलांच्या वाढीचे तक्ते केले आहेत. अंगणवाडीतल्या ताईंना ते ठाऊक असतात. त्यात तीन वर्षे पूर्ण झालेल्या मुलाची मध्यम उंची ९६.१ सेंटिमीटर, मुलीची ९५.१. पाचव्या वर्षी ती ११० च्या आसपास जाते. आणि तीन वर्षांच्या मुलाची उंची ८८.७ च्या खाली असेल, मुलीची ८७.४ च्या खाली असेल, तर त्या मुलाची वाढ खुंटली आहे, पोटाला नीट मिळालेले नाही, असे ते तक्ते सांगतात. आता हे आकडे मेट्रोच्या नव्वदशेजारी ठेवून पाहा. तीन वर्षांचे जे मूल मेट्रोत फुकट जाऊ शकते, ते बहुधा कुपोषणाच्या रेषेखालचे किंवा अगदी तिला टेकलेले असते. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांत ३५ मुलांची वाढ अशी खुंटलेली आहे, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नोंदलेले आहे. मुलाला दूध, अंडे, डाळ देऊन ज्या आईने वाढवले तिने तिकीट काढायचे, आणि जिला ते जमले नाही तिच्या मुलाला सवलत. असा विचार करून कुणी नियम केलेला नाही, हे उघड आहे. पण नियम तसा पडला आहे.

वयाचा नियम म्हणजे काही स्वर्ग नव्हे. एसटीत किंवा बेस्टमध्ये काय चालते ते आपण सगळेच पाहतो. "अहो मास्तर, अजून पाचात नाही पडला," असे आई सांगते, आणि शेजारी बसलेला मुलगा मोठ्याने म्हणतो, "आई, मी दुसरीत आहे ना!" सगळी बस हसते, आईची मान खाली जाते. घरी मुलाला खोटे बोलू नये म्हणून शिकवायचे आणि गाडीत चढताना वय पढवून आणायचे, हे आपल्या पुष्कळ घरांत घडते. त्या आईला आम्ही नावे ठेवणार नाही. पाच-दहा रुपयांसाठी कुणी हौसेने अपमान करून घेत नाही. पण एवढे खरे की वय कागदावर सिद्ध करता येते. जन्माचा दाखला आहे, आधार आहे, शाळेचे ओळखपत्र आहे. भांडायला आधार राहतो.

मग एका शहरात इतके नियम का? कारण भाडे ठरवणारी दारे वेगवेगळी आहेत. लोकलचे भाडे दिल्लीत रेल्वे मंत्रालय ठरवते. बेस्टच्या भाड्याला मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरणाची मंजुरी लागते. ९ मे २०२५ पासून बेस्टचे साध्या बसचे किमान भाडे ५ वरून १० रुपये झाले ते याच वाटेने. मेट्रोसाठी २००२ चा केंद्राचा कायदा आहे आणि त्यात भाडेनिश्चिती समितीची तरतूद आहे. प्रत्येक दारामागचा अधिकारी आपल्यापुरता हिशेब करतो. दिवसात तिन्ही गाड्या बदलणाऱ्या कुटुंबाचा एकत्र हिशेब कुणाच्याच टेबलावर येत नाही. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी 'मुंबई वन' नावाचे अ‍ॅप सुरू झाले आणि अकरा परिवहन सेवांची तिकिटे एका ठिकाणी आली. अ‍ॅप एक झाले हे चांगलेच, पण मुलांचा नियम काही एक झाला नाही.

तो करता येत नाही असे नाही. सिंगापूरमध्येही नव्वद सेंटिमीटरचेच माप आहे, पण त्यावर उंच असलेल्या सात वर्षांखालच्या मुलाला वेगळे कार्ड देतात आणि तेही फुकट प्रवास करते. चीनमध्ये रेल्वेला वर्षानुवर्षे उंचीची पट्टी होती. १ जानेवारी २०२३ पासून त्यांनी नावाने काढायच्या तिकिटांना वय धरले : सहाच्या आत मोफत, सहा ते चौदा सवलत. लंडनमध्ये अकरा वर्षांखालच्या मुलाला बस आणि भुयारी रेल्वे दोन्ही फुकट आहेत. तिथल्या मेट्रोच्या दारांनाही वय कळत नव्हते. मुलाला कार्ड दिले, मग कळू लागले.

आमच्याकडे सवलतीचा विचार झाला तो पासांपुरता. दहिसर-अंधेरी भागातल्या मेट्रो २अ आणि मेट्रो ७ वर १ मे २०२३ पासून बारावीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना २५ टक्के सवलत जाहीर झाली, पण ती ४५ किंवा ६० फेऱ्यांच्या पासावर. रोज शाळेला जाणाऱ्याला ती उपयोगी, सुट्टीत मावशीकडे जाणाऱ्याला नाही.

रेल्वेचेही सगळे गोड मानू नये. लोकलमध्ये आणि अनारक्षित डब्यात मुलांचे हाफ तिकीट टिकले. लांबच्या गाडीत मात्र २१ एप्रिल २०१६ पासून पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे पडते. अर्ध्या भाड्यात मुलाला आई-बापाच्या बर्थवर दाटीवाटीने झोपवावे लागते. या बदलाने पुढच्या सात वर्षांत रेल्वेला २,८०० कोटी रुपयांहून अधिक जादा उत्पन्न मिळाले, असे माहितीच्या अधिकारात बाहेर आले. अर्धे तिकीट काढून घेण्याची गोडी कशात आहे, ते या आकड्यावरून कळते.

मागणी काय करायची, तर फार मोठी नाही. पाच वर्षांपर्यंत मोफत, बारापर्यंत अर्धे, हा लोकलचा जुना नियमच मेट्रोला लावा. वय पाहायची अडचण असेल तर खिडकीवर आधार पाहून मुलांचे तिकीट द्या. भाडे ठरायच्या वेळी समितीकडे निवेदने गेली पाहिजेत, आणि त्यात महिला मंडळांची निवेदने असली पाहिजेत, कारण मुलांना घेऊन त्या दारात उभी राहते ती बाई.

तोवर जे हक्काचे आहे ते तरी सोडू नये. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत मिळतो. मुलांना पासात ६६.६७ टक्के सवलत आहे. मुंबईतल्या नातलगांना सांगावे की घर ते शाळा असा लोकलचा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत मोफत आहे. त्यापुढच्या विद्यार्थ्यांना पासात सर्वसाधारण सवलत निम्मी, अनुसूचित जातींना ७५ टक्के. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला, तेव्हा ही ७५ टक्क्यांची सवलत आपल्या मुलांचीही आहे. २०२० च्या मार्चमध्ये रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांसह अनेकांच्या सवलती बंद केल्या, विद्यार्थ्यांची ठेवली. त्यासाठी शाळा-कॉलेजातून कन्सेशनचा फॉर्म मुख्याध्यापकांच्या किंवा प्राचार्यांच्या सही-शिक्क्यानिशी घ्यावा लागतो, आणि ७५ टक्क्यांच्या रकान्यासाठी जातीचा दाखला लागतो. तो दाखला तहसील कचेरीतून मिळायला वेळ लागतो. जून उजाडायची वाट न पाहता एप्रिलमध्येच अर्ज टाकावा.