हवेची कयाक पाठीवर नेताना सॅक कशी निवडावी?

हवा भरून फुगवायची कयाक गाडीच्या डिकीत मावते. पण गाडी थांबते तिथपासून पाण्यापर्यंत ती पाठीवरच न्यावी लागते. मुळशी-पवनासारख्या जलाशयांच्या काठी ही वाट उताराची आणि दगडगोट्यांची असू शकते. त्यामुळे कयाकइतकाच तिच्या सॅकचाही विचार करायला हवा.

वजन किती असते?

दोघांची कयाक अनेकदा १५ किलोच्या आसपास भरते. वल्ही, पंप, लाइफ जॅकेट आणि पिण्याचे पाणी धरून ओझे सहज २० किलोपर्यंत जाते. सवय नसलेल्या निरोगी प्रौढाने आपल्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्यापर्यंतच ओझे घ्यावे. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीने सुमारे १२ किलो. परतताना कयाक ओली असते. तिच्यात एक लिटर पाणी राहिले, तरी ओझे एक किलोने वाढते. म्हणून ती पुसूनच घडी घाला.

खांद्यांना काय होते?

हाताकडे जाणाऱ्या नसा मानेतून निघून गळपट्टीच्या हाडामागून जातात. अरुंद पट्ट्यांवर सगळा भार आला, तर या नसा दाबल्या जातात. हाताला मुंग्या येतात, बधिरपणा येतो. कधीकधी काहीही न दुखता हात वर उचलण्याची ताकद कमी होते. बहुतेकांना यातून बरे वाटते, पण त्याला काही आठवडे किंवा महिने लागू शकतात.

सॅक घेताना काय पाहावे?

- कमरेचा पट्टा: तो रुंद आणि जाड गादीचा हवा, आणि पोटावर नव्हे तर कमरेच्या हाडांवर बसायला हवा. बहुतेक भार इथेच यावा.
- पाठीची लांबी: मान खाली घातल्यावर मानेच्या तळाशी जे हाड उठून दिसते, तिथपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेच्या पातळीपर्यंत मोजा. सॅक या मापाची घ्या, तुमच्या उंचीवरून ठरवू नका.
- खांद्याचे पट्टे: रुंद, मऊ आणि छातीवर जोडता येणारे असावेत.
- आवळण्याचे पट्टे: घडी पाठीला चिकटून राहायला हवी. ओझे मागे लोंबले की माणूस पुढे वाकतो आणि कंबर भरून येते.

दुकानात रिकामी सॅक घालून अंदाज येत नाही. तेवढेच वजन भरून दहा मिनिटे चालून पाहा.

उचलताना आणि पाण्याजवळ

सॅक आधी डिकीच्या कडेवर किंवा कट्ट्यावर ठेवा आणि मग पट्ट्यांत हात घाला. जमिनीवरून झटक्यात उचलू नका. पाण्यातून चालण्यापूर्वी कमरेचे व छातीचे बक्कल उघडा. पाय घसरला तर सॅक लगेच टाकता आली पाहिजे.

कोणी उचलू नये?

मणक्याच्या गादीचा त्रास, हाडांचा ठिसूळपणा, हर्निया, हृदयविकार, गरोदरपण किंवा अलीकडे झालेली शस्त्रक्रिया असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. सामान दोघांत वाटून घ्या. सपाट वाट असेल तर चाकांची ट्रॉली वापरा.

डॉक्टरांकडे कधी जावे?

सॅक उतरवल्यावरही मुंग्या राहिल्या, हात उचलता येईना किंवा कळ पायात उतरू लागली, तर तपासणी करून घ्या. दोन्ही पायांतली ताकद गेली, लघवी अडली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठा.