गुडघा दुखतो, पण दोष खुब्यात: वाढत्या वयातील खुब्याची शस्त्रक्रिया

तुमचं बारा-तेरा वर्षांचं मूल काही आठवडे लंगडतंय, गुडघा दुखतो म्हणतंय आणि गुडघ्याचा एक्स-रे मात्र नॉर्मल आहे. आमच्या त्र्यंबकेश्वरात अशा वेळी ‘ब्रह्मगिरी चढताना पाय मुरगळला असेल’ म्हणून तेल चोळलं जातं. अशा मुलाचा खुबा तपासायलाच हवा.

नेमकं काय होतं?
मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला चेंडूसारखा गोल भाग असतो. त्याखाली वाढीची चकती, म्हणजे ग्रोथ प्लेट असते. साधारण १० ते १६ या वयात हाड या चकतीपाशी सरकू शकतं. जास्त वजन, थायरॉइडची कमतरता किंवा किडनीचा जुना आजार असल्यास धोका वाढतो. खुब्याच्या आणि गुडघ्याच्या काही नसा एकच असल्याने दुखणं गुडघ्यात जाणवतं. पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं दिसतं.

तपासणी
दोन्ही खुब्यांचा समोरून आणि बाजूने एक्स-रे काढावा लागतो. निदान झालं की त्या पायावर भार देणं बंद.

शस्त्रक्रिया कशासाठी?
औषधाने किंवा मालिशने हाडाचं सरकणं थांबत नाही. भूल देऊन, छोट्या छेदातून बहुधा एकच स्क्रू घालून हाड आहे तिथेच पक्कं करतात. जोर लावून ते जागेवर बसवत नाहीत, कारण गोल भागाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. हाड खूप सरकलं असेल, तर पुढे वेगळी शस्त्रक्रिया लागू शकते.

उंची खुंटेल का?
ही भीती बहुतेक पालकांना असते. पायाची जास्त वाढ गुडघ्याजवळ होते, त्यामुळे फरक सहसा थोडाच पडतो. उशीर केल्यास मात्र खुबा कमी वयातच झिजू शकतो.

शस्त्रक्रियेनंतर
साधारण सहा आठवडे कुबड्या वापराव्या लागतात. दुसरा खुबाही सरकू शकतो, म्हणून दुखणं थांबलं तरी तपासणी चुकवू नका.

तातडी कधी?
मुलाला कुबड्या घेऊनही पाऊल टाकता येत नसेल, तर त्याच दिवशी हलवा. मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका. १०८ ला फोन करा. नाशिक इथून सुमारे ३० किलोमीटरवर आहे. खर्चाची चिंता असेल, तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.