सातबाऱ्याबाहेरचा शेतकरी

शेतीत नवी माणसे यावीत म्हणून प्रशिक्षणे होतात, यशोगाथा छापल्या जातात. पण ज्याच्या घरात जमीनच नाही, त्याने आत यायचे कुठून? महाराष्ट्रात कुळकायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. मग उरते खंडाने किंवा बटईने कसणे, आणि तेही बहुधा तोंडी बोलीवर. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारी कुळे जमिनीची मालक मानली गेली. तो न्याय योग्यच होता. पण ‘कूळ लागेल’ ही धास्ती मालकांच्या घरांत आजही आहे. म्हणून कागद होत नाही, आणि कागद नसला की कसणारा सरकारदप्तरी नसतोच. गारपिटीने गहू झोपला, तलाठी पंचनाम्याला आला, की बांधावर उभा असतो तो. बियाण्या-खताची उधारी त्याच्या नावावर, मदत मात्र सातबाऱ्यावरच्या नावाच्या खात्यात. पीककर्जाचेही तेच.

तेव्हा आधी हवा आहे ठरावीक मुदतीचा, नोंदणी होणारा भाडेकरार, ज्यातून मालकीहक्क निर्माण होणार नाही हे कायद्यातच लिहिलेले असेल. नीती आयोगाने २०१६ मध्ये असा नमुना कायदा पुढे ठेवला. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये अकरा महिन्यांच्या कराराला मान्यता देऊन कसणाऱ्याला कर्ज-विम्याची वाट मोकळी केली. मात्र मालकाची सही लागते आणि तिथेच घोडे अडते. केरळात कुटुंबश्री या सरकारी बचतगट योजनेतल्या बायका गट करून भाड्याच्या जमिनी कसतात. नवा शेतकरी म्हणजे नोकरी सोडून आलेला शहरी तरुणच नव्हे, हे त्यांच्याकडे पाहून कळते. आपल्याकडची शेतमजूर बाई शेती जाणतेच, तिच्याकडे फक्त जमीन नाही.

शेती तोट्यात असताना नव्यांना कशाला ओढायचे, हा आक्षेप खरा आहे. भाव आणि पाऊस करार करून सुधारत नाहीत. पण जमीन विकत घेऊन फसलेला आयुष्यभर अडकतो, भाड्याने घेतलेला मुदत संपल्यावर बाहेर पडू शकतो. कुळांचे मिळालेले हक्क जातील ही भीतीही रास्त, म्हणून जुन्या हक्कांना हात न लावण्याची अट हवीच. मुदत मात्र अकरा महिन्यांची नको. शेणखताचा गुण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापर्यंत पुरतो. पुढच्या वर्षी रान आपल्याकडे असेल की नाही हे ठाऊक नसलेला माणूस त्यात गाडी-दोन गाड्या खत कशाला टाकेल?